बर्फाला घाम फुटू द्या

"गारवा ही हालकुडे घराण्याची खानदानी चीज हाय. तो राखायचा कसा, हे लातुरात आम्हाला कुणी शिकवू नये, अन् लातूरच्या बाहेर ते कुणाला येत न्हाई."

पंचाक्षरी आप्पांनी हे वाक्य बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात, उभं राहून, उजवा हात छताच्या पंख्याकडे करून उच्चारलं. वाक्य संपलं आणि पंखा थांबला. वीज गेली होती. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली, खुर्चीत बसले आणि प्यायला गार पाणी मागितलं. ते समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणावं लागलं, कारण सिद्धेश्वर आइस फॅक्टरीत त्या दिवशी बर्फाचा खडासुद्धा नव्हता.

धाकटी सून मंजुश्री हे सगळं भिंतीला टेकून बघत होती. हसू आवरण्यासाठी तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं. मामंजींचं वाक्य तिच्या विरोधात होतं हे तिला कळत होतं, पण आप्पांचं कुठलंही वाक्य कुणाच्याही बाजूनं नसे, ते फक्त आप्पांच्या बाजूनं असे, हेही तिला एव्हाना ठाऊक झालं होतं.

मामला असा होता. हैदराबादची एक लस बनवणारी कंपनी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांसाठी एजंट शोधत होती. लस लातुरात ठेवायची, तिथून नांदेडला आणि पुढं देगलूर, नायगाव, हदगावच्या दवाखान्यांत पोचवायची. मंजुश्रीनं फार्मसीची पदविका घेतलेली. तिनंच अर्ज केला, तिनंच कंपनीला फोन करून करून भंडावून सोडलं. शेवटी कंपनीनं एक अट घातली. ऐन मे महिन्यात लसीची एक पेटी एसटीनं लातूरहून नांदेडला पाठवा. आमचा साहेब नांदेडात ती उघडून बघेल. आतल्या थर्मामीटरचा काटा दोन आणि आठच्या मधे असला तर एजन्सी तुमची.

आणि नसला तर? ते घरातच ठरलं होतं. आप्पांच्या थोरल्या मुलानं, बसवंतनं, कारखान्याची शेड वसंतराव सरांना द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. सरांचा क्लास. लातूर पॅटर्नच्या कृपेनं गावात आता पिठाच्या गिरणीपेक्षा क्लास जास्त झाले होते, आणि त्यात सरांचा सगळ्यात मोठा. पोरं जिन्यावर बसून सेंद्रिय रसायन शिकत होती. सर टेप घेऊन शेड मोजूनही गेले होते, आणि मोजताना अमोनियाच्या वासानं शिंकत म्हणाले होते की रसायनशास्त्राला वातावरण अनुकूल आहे.

भर बैठकीत मंजुश्री बोलून बसली होती की, पेटी नापास झाली तर शेडची किल्ली मी स्वतः सरांच्या हातात देईन. आता तो शब्द मागं घ्यायची सोय नव्हती.

म्हणून आज पेटी कसली करायची यावर घर जमलं होतं. प्रत्येकानं आपापली पेटी आणली होती. आप्पांची सागवानी होती. आत जस्ताचा पत्रा, भोवती लाकडाचा भुसा, वर गोणपाट. याच पेटीतून उदगीरच्या लग्नांना बर्फ जायचा, आणि नवरदेव पोचायच्या आधी पोचायचा. ती उचलायला चार माणसं लागत, म्हणजे लसीबरोबर चौघांचं तिकीट काढावं लागणार. मंजुश्रीचा नवरा सिद्धलिंग एक मोठा थर्मास घेऊन आला होता. त्यात तीन बाटल्या मावत होत्या आणि चौथ्या बाटलीचं काय, हे विचारल्यावर तो म्हणाला, दुसरा थर्मास घ्यायचा. सासूबाई, गुरम्माअव्वा, यांचं म्हणणं ओल्या वाळूत मडकं ठेवावं. बसमधे पाणी सांडलं तर? तर पुसायचं, अव्वा म्हणाल्या. बसवंतनं काहीच आणलं नव्हतं. या शेडमधे भरण्यालायक माल एकच, अकरावी-बारावीची पोरं, असं त्याचं मत होतं आणि ते तो वर्षभर सांगत आला होता.

मंजुश्रीनं आपली पेटी टेबलावर ठेवली. जाड थर्माकोलची. चारी बाजूंनी बसतील असे चपटे आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेले प्लास्टिकचे डबे. मधे पुठ्ठ्याची चौकट, आणि चौकटीत बाटल्या.

आप्पांनी पेटी एका बोटानं उचलून पाहिली.

"हे गणपतीच्या मखराचं सामान हाय, मंजुश्रीबाई. फुंकलं तर उडंल."

आप्पा रागावले की तिच्या नावाला 'बाई' जोडत.

"उडू द्या की, आप्पा. एसटीत चढवायला हलकीच बरी," मंजुश्री म्हणाली.

यावर बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की थर्माकोलच्या पेटीची आधी घरीच तालीम घ्यायची. ती दिवसभर कारखान्याच्या पत्र्यावर उन्हात ठेवायची. मुदत संपलेल्या लसीच्या बाटल्या आत घालायच्या आणि संध्याकाळी उघडायची.

तालमीच्या दिवशी वीज होती, बर्फही होता. मंजुश्रीनं मोजून पॅक भरले आणि झाकण लावण्याआधी ती चिकटपट्टी शोधायला आत गेली. संध्याकाळी पेटी खाली उतरवली, तेव्हा ती सकाळपेक्षा जड वाटली. झाकण उघडलं. थर्मामीटरचा काटा शून्याच्या खाली जाऊन बसला होता.

आप्पांनी टाळ्या वाजवल्या. मग सिद्धलिंगनं. मग थोरल्या जाऊबाई राजश्रीनं. मेच्या उन्हात पत्र्यावर दिवस काढून शून्याच्या खाली. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेढे आणायला सांगितले, आणि मखराचं सामान म्हटल्याबद्दल पेटीची जाहीर माफी मागितली. मंजुश्रीची मागितली नाही.

मंजुश्रीनं आत हात घातला. पॅकच्या फटींतून बारीक कुटलेला बर्फ ठासून भरलेला होता. ती एकेकाकडे बघत गेली. आप्पा म्हणाले, पोकळी दिसली, म्हणून भरली थोडी. सिद्धलिंगनं दोन जादा पॅक सरकवले होते, तुझ्यासाठीच, तो म्हणाला. राजश्रीनं एक, आपल्याकडून म्हणून. आणि तळाशी एक मोठा, चौकोनी, करवतीनं सफाईदार कापलेला तुकडा होता. असा तुकडा घरात एकटा बसवंत कापायचा.

बसवंत छताकडे बघत होता. त्याला शेड विकायची होती हे खरं. पण बर्फात हार मानणं त्याच्या रक्तात बसत नव्हतं.

मंजुश्रीनं एक बाटली बाहेर काढली. ती आत गोठून तडकली होती. तिनं ती पेढ्यांच्या जागी, टेबलाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली की आपण नापास झालो.

"नापास?" आप्पांना शब्दच ओळखता येईना. "इतकं गार करून?"

"दोनच्या खाली गेलं की लस मरते, आप्पा. उकडून मरते, तशी गोठूनबी मरते."

"हे कंपनीचं फॅड हाय. भूकंपात आमचाच बर्फ गेला होता छावणीत. टेंपो भरून. फुकट. लोकांचं औषध त्याच्यावर जगलं." आप्पांचा आवाज चढला. ही गोष्ट ते लग्नात, बारशात, आणि एकदा एका तेराव्यालाही सांगत आले होते. "तवा कुणी न्हाई म्हटलं का, लई गार झालं म्हणून?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं ही गोष्ट अनेकदा ऐकली होती, आणि दर वेळी ती उठून चहा ठेवायला गेली होती. आज ती उठली नाही.

"मी होते त्या छावणीत," ती म्हणाली. "आमचं गाव पडलं होतं. मी पत्र्याखाली सिस्टरच्या हाताखाली काम करत होते. धनुर्वाताच्या लसीचा खोका आला. तुमचा बर्फ त्याच्यात तसाच कोंबलेला होता, बाटल्यांना लागून. बाटल्या गोठल्या होत्या. सिस्टरनी सगळा खोका ओतून दिला. दुसरी लस यायला रात्र गेली. लोक ओळीत बसून होते, आप्पा. पायात खिळे घुसलेले."



आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणीतरी सुनेला गप्प करावं, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ते काम नेहमी बसवंत करत असे. बसवंत खुर्ची ओढून मंजुश्रीच्या बाजूला येऊन बसला.

"खरं हाय ते," तो म्हणाला. "टेंपो मीच नेला होता. बाटल्या ओतताना बघितलं. तुम्ही इकडं सगळ्यांना सांगत होता, तर मी कोणत्या तोंडानं सांगू? त्या दिवसापासून माझं मन बर्फातून उठलं."

मंजुश्रीनं दिराकडे पाहिलं. वर्षभर ती त्याला लोभी समजत आली होती. तो शेड का विकायला निघालाय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

पेढे आले. कुणी घेतले नाहीत, म्हणजे सिद्धलिंगनं दोन घेतले. आप्पा उठले आणि न जेवता झोपले. अव्वांनी ताट झाकून ठेवलं.

सकाळी मंजुश्री कारखान्यात आली तेव्हा आप्पा तिच्या आधी येऊन बसले होते. पुढं ताजे गोठलेले पॅक ओळीनं मांडलेले.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यात आज राग नव्हता, "कसं करायचं ते सांग."

तिनं सांगितलं. पॅक बाहेर काढले की लगेच भरायचे नाहीत. ते उघड्यावर ठेवायचे. वरून घाम फुटला पाहिजे आणि आत थोडं पाणी झालं पाहिजे. हलवून कानाशी धरायचा, पाणी वाजलं, की तो पॅक लसीच्या शेजारी बसायच्या लायकीचा झाला. तोवर हात लावायचा नाही.

म्हणजे बर्फ वितळताना बघत बसायचं. आप्पांनी आयुष्य एका शब्दावर काढलं होतं: झाका. गाडी भरताना झाका, उतरवताना झाका, गप्पा मारणाऱ्याला आधी झाका मग बोला. कारखान्यात पाण्याचा थेंब गळला तर त्यांना तो आपल्या अंगातून गळाल्यासारखा वाटे. आता तेच गोणपाट मांडीवर घेऊन ते समोर बर्फाला घाम फुटताना बघत बसले. मधूनच हात गोणपाटाकडे जाई. मंजुश्री नुसतं बघे, आणि हात परत येई. नारळ वाजवून बघावा तसा ते पॅक उचलून कानाशी धरत, मान हलवत, ठेवून देत. शेवटी एका पॅकशी त्यांची मान थांबली.

"आत पाणी वाजायलंय," ते हळूच म्हणाले. घरात बाळ जन्मल्याचं सांगावं, तसा त्यांचा आवाज होता.

त्या दिवशी उन्हात ठेवलेली पेटी उघडली तेव्हा काटा सहावर होता. या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे आप्पांनी आधी मंजुश्रीला विचारलं.

खऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं सगळ्यांना देवघरात उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. पेटीत कुणीही बर्फ घालणार नाही. सगळ्यांनी घेतली. बसवंतनं सगळ्यात मोठ्यानं.

पेटी घेऊन सिद्धलिंग एसटीत बसला. अहमदपूरला एक बाई पेटीवर बसायला लागल्या, तर आत सरकारी इंजेक्शनं आहेत असं तो म्हणाला, आणि आजूबाजूची तीन बाकं रिकामी झाली. लोह्यापर्यंत तो पाय पसरून आला.

पेटी नांदेडला उघडायची होती नणंदेच्या, म्हणजे सिंधुच्या घरी, वजिराबादेत. साहेबांना तेच सोयीचं होतं. पण हालकुड्यांकडे चाचणी म्हटली तरी जेवण आलंच, आणि जेवण म्हटलं की नातेवाईक आले. साहेब आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आत पोळ्या लाटणं चाललं होतं. बसवंतनं वसंतराव सरांनाही बोलावलं होतं. शब्द दिलाय, निकाल त्यांच्या समोर लागू दे, एवढंच तो म्हणाला. सर जेवणाच्या वासाकडे तोंड करून कोपऱ्यात बसले होते. मंजुश्रीच्या पर्समधे शेडची किल्ली होती.

श्रीनाथ साहेब मूळचे देगलूरचे, नोकरीनं हैदराबादचे. माणूस कमी बोलणारा. त्यांनी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, पंख्याखालची खुर्ची नको म्हटलं. नाही म्हणण्याची त्यांची सफाई बघून आप्पांचा धीर सुटत चालला. साहेबांनी पेटीवरची चिकटपट्टी कापली, झाकण काढलं आणि थांबले.

वर, पॅकच्या आणि लसीच्या मधे, फडक्यात बांधलेला एक छोटा डबा होता.

"हे काय आहे?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अव्वा शांतपणे पुढं आल्या.

"लोणी हाय. सिंधुला. तिला सातवा लागलाय."

"अव्वा, शपथ घेतली होती तुम्ही," मंजुश्री कशीबशी म्हणाली.

"बर्फाची घेतली होती," अव्वा म्हणाल्या. "लेकीच्या घरी पेटी जायची, ती रिकामी कशी धाडू?"

साहेबांनी दोन बोटांनी डबा उचलून बाजूला ठेवला. लसीबरोबर खाण्याची वस्तू ठेवत नाहीत, हे त्यांनी एकदाच आणि सावकाश सांगितलं. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या चौकटीतून थर्मामीटर काढला, चष्मा वर केला, उजेडाकडे वळले. स्वयंपाकघरातली लाटणी थांबली. सरांनी खिशातली मोजपट्टी चाचपली. एक बाटली साहेबांनी हलवून पाहिली, मग दुसरी. दोन्हींत दुधासारखी लस गुठळी न होता हलली.

"पाच," साहेब म्हणाले. "बरोबर पाच. या रूटवर मेमधे मी याआधी पाच बघितलेला नाही. लोणी पुढच्या खेपेला वेगळ्या पेटीतून पाठवा. बाकी एजन्सी तुमची."

मग जे झालं त्याला शिस्त नव्हती. सिद्धलिंगनं थोरल्या भावाला उचललं. राजश्रीनं मंजुश्रीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, जी तिनं लग्नातसुद्धा मोडली नव्हती. सिंधु एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं लोण्याचा डबा सांभाळत सगळ्यांना सांगत सुटली की पाच आलं ते लोण्यामुळं, आणि हा वाद त्या घरात पुढं कायमचा राहिला. बसवंत मंजुश्रीपुढं आला आणि तिच्या पर्सकडे बोट करून म्हणाला, "किल्ली तुझ्यापाशीच राहू दे." आणि तोंड फिरवून त्यानं नाक शिंकरलं.

आप्पा उभे राहिले. उजवा हात छताच्या पंख्याकडे गेला. मंजुश्रीनं आधी पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता.

"चाळीस वर्षं मी बर्फ झाकला," आप्पा म्हणाले. "माझ्या सुनेनं मला तो उघडा ठेवायला शिकवलं. आता देगलूरच्या लेकराला टोचलेली सुई खोटी निघणार न्हाई. हा कारखाना पुन्हा चालणार. त्याची एक वीट कुणाला मिळायची न्हाई, एक वीतभर जागा कुणाला मिळायची न्हाई. हे माझं शेवटचं."

पंखा चालूच राहिला. घरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपला सौदा बुडाल्यावरही सरांनी वाजवल्या, कारण ते सुसंस्कृत माणूस होते. मंजुश्रीला वाटलं, छावणीतल्या त्या ओळीत बसलेल्या लोकांना आता कुठं उत्तर दिलं. तिनं डोळे पुसले आणि ताटं घ्यायला वळली.

तेवढ्यात कुणीतरी साहेबांची सरांशी ओळख करून दिली. हे वसंतराव सर, लातूरचे, केमिस्ट्रीचे.

साहेबांच्या हातातला थर्मामीटर टेबलावर गेला. "क्लासवाले वसंतराव सर?"

"हो, तोच मी."

ज्या माणसापुढं सगळं घर आतापर्यंत हात जोडून उभं होतं, तो हात जोडून उभा राहिला. त्याचा आवाजसुद्धा बदलला. मुलगा दहावी झालाय, हुशार आहे, हैदराबादेत मन लागत नाही. लातूरला तुमच्याकडे यायचं म्हणतो. चार महिने फोन करतोय, कुणी उचलत नाही. एक अ‍ॅडमिशन तेवढी, सर.

सरांनी खेदानं मान हलवली. बॅच भरली होती. जिनाही भरला होता. आता पोरगं बसवायचं तर भिंतीत बसवावं लागेल. जागाच नाही, साहेब, ते म्हणाले, आणि कुणाकडेही बघायचं नाही असं ठरवून आप्पांकडे बघितलं.

साहेबांनी आप्पांकडे बघितलं. बसवंतनं, राजश्रीनं, अव्वांनी, सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मंजुश्रीकडे बघितलं. किल्ली तिच्यापाशी होती. साहेबांनी एजन्सीच्या कागदावर अजून सही केलेली नव्हती, हेही तेव्हाच तिच्या लक्षात आलं.

"शेड नको," सर नम्रपणे म्हणाले. "एकच बाक. बर्फाच्या खोलीच्या भिंतीला लागून. शिकवायला मी तिथं येईन." मग ते साहेबांकडे वळले. "मुलगा सडपातळ आहे ना?"